सतरा-शून्य आणि लिंबूटिंबूंचा हक्क

२०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेन्नई आणि मदुराईत पुरुषांचा ज्युनियर हॉकी विश्वचषक झाला. आधीच्या सोळाऐवजी या वेळी चोवीस संघ होते. जर्मनीनं तो आठव्यांदा जिंकला, भारताला कांस्य मिळालं. पण आपल्याकडच्या चर्चेत टिकून राहिला तो एकच आकडा : भारत १७, ओमान ०. त्यावरून दोन तट पडले. एका तटाला हा भारतीय हॉकी पुन्हा उभी राहिल्याचा पुरावा वाटला. दुसऱ्याला ती विश्वचषकाची थट्टा वाटली. चोवीस संघ हवेतच कशाला, लिंबूटिंबूंना बोलावून ही खोगीरभरती का, सोळा संघ होते तेच बरं होतं, असा त्यांचा सूर. माझ्या मते दोघंही भलत्याच ठिकाणी बोट ठेवून भांडताहेत. चोवीस संघ हवेतच, आणि ते कायम राहायला हवेत. दुरुस्ती हवी आहे ती बाद फेरीत कोण जाणार हे ठरवणाऱ्या नियमात, आणि त्याहून जास्त, दोन स्पर्धांच्या मधल्या रिकाम्या काळात.

आधी फटाके वाजवणाऱ्यांचं बघू. ओमान या स्पर्धेला पात्र ठरून आलेला नव्हता. भारताच्या गटात पाकिस्तान होता. त्यानं ऑक्टोबरात माघार घेतली आणि स्पर्धा जेमतेम महिन्यावर आली असताना ओमानला बोलावणं गेलं. १९७९ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला पहिलाच ज्युनियर विश्वचषक झाला, तो पाकिस्ताननं जिंकला होता. त्या पाकिस्तानची जागा ऐनवेळी भरून काढायला आलेल्या पोरांवर सतरा गोल चढवले, यात छाती फुगवण्यासारखं काय आहे? पण थट्टा करणाऱ्यांचीही यात सुटका नाही. हा आकडा विस्ताराच्या खात्यावर मांडताच येत नाही. मांडायचाच तर तो भारत-पाकिस्तान संबंधांच्या खात्यावर मांडावा लागेल. स्पर्धा सोळा संघांची असती तरी पाकिस्तान आला नसताच, आणि बदली संघ असाच धावतपळत आला असता. लखनौला २०१६ च्या ज्युनियर विश्वचषकाला पाकिस्तान आला नव्हता, त्याच्या जागी मलेशिया खेळला. ती स्पर्धा सोळाचीच होती.

बरं, ओमान बाजूला ठेवू. भारतानं चिलीला ७-० आणि स्वित्झर्लंडला ५-० असं हरवलं, हे तर बदली संघ नव्हते. मग विस्तारामुळे सामने एकतर्फी झाले हे सिद्ध होतं का? भुवनेश्वरला २०२१ मध्ये सोळा संघ होते आणि भारतानं कॅनडाला १३-१ असं धुतलं. क्वालालंपूरला २०२३ मध्येही सोळाच संघ होते आणि कॅनडालाच १०-१ नं हरवलं. कॅनडाला घरी बसवा, असं तेव्हा कुणी म्हटल्याचं आठवत नाही. या वयोगटात सामने एकतर्फी होतातच, कारण एकवीस वर्षांखालच्या मुलांमध्ये दोन देशांतलं अंतर लपवायला अनुभवाचा आडोसा नसतो. वरिष्ठ संघ कमकुवत असला तरी बचाव दाटून धरतो, वेळ खातो, ३-० वर निभावून नेतो. पोरं तसं करत नाहीत. पाच गोल खाल्ले की सहावा रोखायचा सोडून एक तरी फेडू म्हणून सगळी पुढे धावतात, आणि मग मागचं मैदान मोकळं पडतं.

आता इतिहासाकडे येऊ, कारण या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते आपलं विसरणं. चेन्नई-मदुराईत भारतानं गटातल्या तीन सामन्यांत मिळून २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. २९-० ही बेरीज हॉकीच्या जुन्या माणसाला ओळखीची वाटेल. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतानं पाच सामन्यांत नेमके २९ गोल केले होते, विरुद्ध शून्य. त्यातले चौदा एकट्या ध्यानचंदचे. पुढच्या, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघच तीन होते : भारत, जपान आणि अमेरिका. भारतानं जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं; अमेरिकेला दोन्ही सामने हरूनही कांस्य मिळालं. (अमेरिकेचा तो एक गोल झाला तेव्हा आपला गोलरक्षक स्वाक्षऱ्या देत होता, अशी दंतकथा आहे, आणि ती आपण मोठ्या कौतुकानं सांगतो.) मेलबर्नला १९५६ मध्ये अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६, सिंगापूरवर ६ गोल. या आकड्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो, शाळेच्या पुस्तकांत छापतो. त्या वेळी जगातल्या शहाण्यांनी ‘तीन संघांची कसली स्पर्धा, आणि चोवीस गोलांचा कसला सामना’ म्हणून हॉकी बंद केली असती, तर आपल्या सुवर्णपदकांची यादी केवढी उरली असती?

त्या २९ मधले नऊ गोल बेल्जियमवर होते. १९२८ मध्ये भारत ९, बेल्जियम ०. त्याच बेल्जियमचा वरिष्ठ संघ १९७६ नंतर थेट २००८ च्या ऑलिंपिकला पात्र ठरला. मधली तीन दशकं त्याला कुणी खिजगणतीतही धरत नव्हतं. मग २०१६ ला रिओत रौप्य, २०१८ ला भुवनेश्वरमध्ये विश्वविजेतेपद आणि टोकियोत सुवर्ण. टोकियोच्या उपांत्य सामन्यात त्यानं भारताला ५-२ असं हरवलं. २०२५ च्या ज्युनियर उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा घाम काढला तोही बेल्जियमनंच. २-२ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये आपण कसेबसे सुटलो. जपानचंही तसंच. १९३२ मध्ये अकरा गोल खाणाऱ्या जपानचा पुरुष संघ २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन गेला. अर्थात या उदाहरणांवर एक रास्त आक्षेप आहे. बेल्जियम वर आला तो नुसता मार खाऊन नव्हे. तिथे क्लब होते, पैसा होता, प्रशिक्षक होते, शेजारी हॉलंड आणि जर्मनी होते. खरं आहे. स्पर्धेत जागा मिळाली की संघ सुधारतोच, असा दावा मी करत नाहीच. जागाच नसेल तर सुधारायचं कशासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि विस्ताराचं फळ बघायला नव्वद वर्षं थांबायचीही गरज नव्हती. ते याच स्पर्धेत समोर आलं, फक्त आपण १७-० मोजण्यात दंग होतो. बांगलादेश पहिल्यांदाच ज्युनियर विश्वचषक खेळत होता. पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३-५ अशी झुंज, मग दक्षिण कोरियाशी ३-३ बरोबरी, फ्रान्सकडून २-३ असा निसटता पराभव. संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक गोल कुणाचे? जर्मनीच्या, स्पेनच्या किंवा भारताच्या कुणाचे नव्हेत. ते होते बांगलादेशच्या अमिरुल इस्लामचे, १८. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन सोडलेला फटका, मारणारा हा मुलगा ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून गेला. आता जुन्या साच्यात हिशेब करून बघा. २०२३ च्या सोळा संघांत आशियातून यजमान मलेशिया धरून चौघंच होते : मलेशिया, भारत, पाकिस्तान, दक्षिण कोरिया. जपानलासुद्धा जागा नव्हती. मग बांगलादेशला कुठून असणार? सोळाचा उंबरठा ठेवला असता, तर स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू स्पर्धेतच नसता.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला फार जड वाटतो, आणि तो समाजमाध्यमांवरच्या थट्टेत हरवून गेला. तो सुरक्षिततेचा. पेनल्टी कॉर्नर जवळून पाहिला की तो कळतो. गोलरक्षक धरून बचावाचे पाच जण गोलरेषेमागे उभे असतात. चेहऱ्यावर मुखवटा, हातात जाड मोजे, गुडघ्यांना कवच. पलीकडून चेंडू ढकलला जातो, अर्धवर्तुळाच्या टोकाशी एक जण तो थांबवतो आणि फ्लिक मारणारा वाकून, स्टिकच्या आकड्यात चेंडू ओढत तो सोडतो. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाणारा, कधी जमिनीलगत तर कधी डोक्याच्या उंचीवर. त्याच क्षणी बचावाचा पहिला धावपटू थेट त्या स्टिकच्या रोखानं धावत सुटलेला असतो. कसलेल्या संघात त्याची वाट ठरलेली असते. स्टिक कुठे, शरीर कुठे, दुसरा धावणारा किती मागे, हे सगळं घोटून घेतलेलं असतं. कच्च्या संघात तो अर्ध्या पावलासाठी बिचकतो, किंवा दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात, आणि चेंडू हाडावर बसतो. असे पंधरा-वीस पेनल्टी कॉर्नर एका सामन्यात झेलायला लागणं हा खेळ नाही, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण यावरचा इलाज संघ कमी करणं हा आहे का? जो जागतिक दर्जाचा फ्लिक कधी पाहतच नाही, तो त्याच्यासमोर धावायला शिकणार कसा? स्पर्धेच्या आधी अशा संघांना पंधरा दिवसांचं शिबिर, चांगली संरक्षक साधनं आणि एक अनुभवी प्रशिक्षक देणं आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाला परवडणार नाही, असं मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा बलाढ्य संघांच्या बाजूचा आहे, आणि तोही खरा आहे. भारताची पहिली खरी परीक्षा झाली थेट उपांत्यपूर्व फेरीत. तोवर आपले बचावपटू जवळजवळ प्रेक्षकच होते. मग उपांत्य सामन्यात जर्मनीनं ५-१ असं झोडपलं, तेव्हा २९-० ही तयारी कामाला आली नाही. (मेलबर्नला १९५६ मध्ये गटात ३६ गोल करणाऱ्या भारताला उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने १-० नंच जिंकता आले होते, तेव्हा जिंकलो म्हणून कुणी चिकित्सा केली नाही, एवढाच फरक.) श्रीजेशच्या प्रशिक्षणाखालच्या या पोरांनी कांस्यपदकाच्या लढतीत अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ वरून ४-२ असा विजय खेचून आणला. माझ्या लेखी १७-० पेक्षा त्या शेवटच्या पंधरा मिनिटांची किंमत कितीतरी जास्त आहे, पण तिची चर्चा आठवडाभरही टिकली नाही.

या दुखण्याचं मूळ संघांच्या संख्येत शोधणं चूक आहे. ते नियमात आहे. सहा गट, प्रत्येक गटातला पहिला संघ पुढे, आणि उरलेल्या दोन जागा सर्वोत्तम ठरलेल्या दोन उपविजेत्यांना. गुण सारखे झाले की इथे गोलफरक मध्ये येतो. म्हणजे कमकुवत संघावर आठ गोल झाले तरी थांबायचं नाही, कारण दुसऱ्या गटातला कुणी तरी अकरा करून ठेवेल. दुबळ्याला तुडवण्याचं बक्षीस नियमच देतो आणि मग आपण दुबळ्यालाच विचारतो, तू आलास कशाला? फुटबॉलच्या युरो स्पर्धेत २०१६ पासून चोवीस संघ आहेत. तिथे सहा गटांतून सोळा संघ बाद फेरीत जातात. गोलफरक तिथेही लागतो, पण तो तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतली शेवटची जागा ठरवायला. गटातला दुसरा संघ गोलांच्या जुगारात घरी जात नाही. हॉकीनं हाच साचा घेतला तर क्रमवारीचे काही सामने कमी करून बाद फेरीची एक फेरी वाढवता येईल. बड्यांना परीक्षा लवकर मिळेल आणि चौथ्या क्रमांकाच्या संघावर पंधरावा गोल करण्याची कुणाला गरज उरणार नाही.

सगळ्यात विचारपूर्वक केलेला युक्तिवाद आहे तो दोन श्रेणींचा. वर सोळा, खाली आठ, दर वेळी बढती आणि पदावनती. तोडीस तोड सामन्यांतून मुलं जास्त शिकतात, असं त्याचं म्हणणं, आणि शिकण्यापुरतं बोलायचं तर ते बरोबरच आहे. गंमत अशी की चोवीसांच्या स्पर्धेत हेही होतं. गट संपले की तळाचे संघ सतरा ते चोवीस या क्रमांकांसाठी एकमेकांशी भिडतात. बांगलादेशनं आधी हुकलेल्या दक्षिण कोरियाला तिथेच ५-३ असं हरवलं आणि ऑस्ट्रियाला ५-४ नं नमवून सतरावा क्रमांक घेतला. म्हणजे बड्यांचा मारही मिळाला आणि बरोबरीच्यांशी लढतीही. वेगळी दुय्यम श्रेणी काढली की यातली पहिली गोष्ट जाते, आणि तिच्याबरोबर एक फार व्यवहारी गोष्टही जाते : पैसा. ढाक्याचा किंवा नामिबियातल्या विंडहूकचा क्रीडा अधिकारी ‘विश्वचषक’ या नावासाठी कृत्रिम मैदान, परदेशी प्रशिक्षक, विमानाची तिकिटं मंजूर करून घेऊ शकतो. ‘द्वितीय श्रेणी चषक’ या नावावर फाईल पुढे सरकत नाही. आपल्याकडे तरी सरकली असती का?

क्रिकेटनं दार बंद करून पाहिलं आहे, आणि त्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असायला हवा. १९७९ च्या विश्वचषकात श्रीलंकेला कसोटीचा दर्जाही नव्हता. मँचेस्टरला त्यानं भारताला हरवलं आणि सतरा वर्षांनी विश्वचषक जिंकला. २००७ मध्ये सोळा संघ होते. बांगलादेशनं भारताला आणि आयर्लंडनं पाकिस्तानला धक्का दिला आणि दोन्ही बडे गटातच गारद झाले. त्यानंतर काय घडलं? २०१९ पर्यंत विश्वचषक दहा संघांवर आणून ठेवला, बाजारपेठेचे सामने हुकू नयेत म्हणून. तिथेही तोंडदेखलं कारण दर्जाचंच दिलं गेलं. आता २०२७ साठी चौदा संघांवर परत यावं लागलं आहे. उलट महिलांच्या फुटबॉलकडे बघा. २०१९ मध्ये अमेरिकेनं थायलंडला १३-० नं हरवलं तेव्हा अशीच आरडाओरड झाली. पुढच्या स्पर्धेत संघ चोवीसचे बत्तीस झाले. त्यात पहिल्यांदाच आलेल्या मोरोक्कोनं जर्मनीकडून सहा गोल खाल्ले आणि मग उरलेले दोन्ही सामने जिंकून बाद फेरी गाठली. घरी गेला तो जर्मनीचा संघ.

हॉकीला तर दार बंद करण्याची चैन परवडणारीच नाही. २०२३ पर्यंत पुरुषांचा वरिष्ठ विश्वचषक जिंकणारे देश सहा. ज्युनियरचे चौदा विश्वचषक झाले, विजेते देश पाच. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून हॉकी वगळली गेली, तेव्हा आपण अन्याय झाला म्हणून ओरडलो. पण आयोजकांनी खर्च कमी करायला बसल्यावर दहा-बारा देशांत गंभीरपणे खेळला जाणारा, महागडं मैदान लागणारा खेळ आधी कापायला घेतला, यात नवल काय? ज्या दिवशी चिली, नामिबिया, स्वित्झर्लंड, ओमान यांच्या ऑलिंपिक समित्या हॉकी टिकावी म्हणून हात वर करतील, त्या दिवशी हा खेळ थोडा सुरक्षित होईल. आणि हात वर करायला त्यांचा या खेळात काही तरी वाटा असावा लागतो. १९७६ ला माँट्रिआलमध्ये कृत्रिम मैदान आलं, आपण तिथे सातवे आलो, आणि नंतर कित्येक वर्षं ‘श्रीमंतांनी खेळ पळवला’ म्हणून गळा काढला. आज कुणासाठी तरी ते श्रीमंत आपण आहोत.

म्हणूनच खरा प्रश्न दोन स्पर्धांच्या मधल्या काळाचा. ही स्पर्धा आता दोन वर्षांनी होते. २०२१, २०२३, २०२५ अशी. मधल्या काळात भारताचे ज्युनियर दरवर्षी मलेशियात सुलतान जोहोर चषक खेळतात, युरोपीय संघांना त्यांची स्वतःची एकवीस वर्षांखालची स्पर्धा असते. ओमानच्या मुलांना काय असतं? भुवनेश्वर आणि राउरकेलाची मैदानं आहेत, आता मदुराईतही विश्वचषकासाठी उभारलेलं मैदान आहे. एका हिवाळ्यात ओमान, बांगलादेश, श्रीलंका अशा तीन-चार संघांना तिथे बोलावून भारताच्या दुसऱ्या फळीशी पाच-सहा सामने खेळवायचे, त्यांच्या गोलरक्षकांना आणि पहिल्या धावपटूंना आपल्या फ्लिकरसमोर रोज तासभर उभं करायचं. एका राज्य सरकारच्या प्रायोजकत्वावर हे सहज भागेल, आणि आपल्या दुसऱ्या फळीतल्या मुलांनाही परदेशी संघांशी खेळण्याची सवय लागेल. हॉकी इंडियाला हा प्रस्ताव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि पुढच्या विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू होण्याआधीचा हिवाळा त्यासाठी पुरेसा आहे.